अल्कीनचा आकार, द्रवणांक आणि उत्कलनांक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली कितीतरी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात, मग पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स घेतात आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सगळं इंग्रजीत सुरू होतं. अशा मुलांना मी संध्याकाळी रसायनशास्त्र शिकवतो. हायड्रोकार्बनच्या धड्यात अल्कीन (कार्बन-कार्बन द्विबंध असलेले हायड्रोकार्बन) आले की दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि निम्म्या प्रश्नांत मुलांना रसायन अडत नाही, शब्द अडतात. म्हणून ही उत्तरं मराठीत लिहून ठेवली आहेत. चंदगड, गडहिंग्लजकडं अकरावीला गेलेल्यांनाही ती तशीच चालतील.

सिस आणि ट्रान्स म्हणजे नेमकं काय?

दोन्ही शब्द लॅटिन आहेत. सिस म्हणजे अलीकडं, ट्रान्स म्हणजे पलीकडं. रोमन लोक आल्प्स पर्वताच्या आपल्या बाजूच्या मुलखाला सिसाल्पाइन म्हणायचे, म्हणजे आल्प्सच्या अलीकडचा. आपल्याला हे समजायला आल्प्सची गरज नाही. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. शिनोळीच्या अलीकडं आपण, पलीकडं पाहुणे.

आता कागदावर दोन कार्बन काढा, मध्ये द्विबंधाच्या दोन रेघा मारा आणि त्या रेघांनाच सीमा समजा. ब्युट-२-ईनमध्ये प्रत्येक कार्बनला एक मिथिल गट आणि एक हायड्रोजन असतो. दोन्ही मिथिल सीमेच्या एकाच बाजूला असतील तर सिस. एक अलीकडं, एक पलीकडं असेल तर ट्रान्स. अणू तेच, बंध तेच, वजन तेच, फक्त मांडणी वेगळी. अशा जोडीला भौमितिक समघटक म्हणतात.

मधला बंध फिरवला की सिसचं ट्रान्स होईल ना?

होईल, पण तो बंध सहजासहजी फिरत नाही. भिंतीवर पट्टी एका खिळ्यानं ठोकली तर बोटानं ढकलली तरी गरगरते, दुसरा खिळा मारला की हलत नाही. एकेरी बंधाभोवती फिरायला मोलमागे साधारण १२ किलोज्यूल पुरतात आणि तेवढी ऊर्जा नेहमीच्या तापमानाला रेणूंकडे असतेच. द्विबंध फिरवायचा तर त्यातला पाय बंध (दोनातला दुसरा, कमजोर बंध) तोडावा लागतो, त्याला सुमारे २७० किलोज्यूल लागतात. म्हणून सिस आणि ट्रान्स हे दोन वेगळे पदार्थ ठरतात. दोन बाटल्यांत वेगवेगळे ठेवता येतात, आणि दोघांचे द्रवणांक-उत्कलनांकही वेगळे निघतात.

एथीन आणि प्रोपीनला सिस-ट्रान्स का नाही?

द्विबंधाच्या दोन्ही कार्बनांवर प्रत्येकी दोन वेगवेगळे गट असतील तरच हा भेद होतो. एथीनमध्ये सगळीकडं हायड्रोजन, प्रोपीनमध्ये एका टोकाला दोन हायड्रोजन. अदलाबदल केली तरी चित्र तेच राहतं. आंबे-केळी पिकवायच्या खोलीत जो वायू सोडतात तो एथीनच. तो −१०४ °सेला उकळतो, त्यामुळं आपल्याला तो कायम वायूच दिसतो.

पुस्तकात सिसचा उत्कलनांक जास्त आणि ट्रान्सचा द्रवणांक जास्त असं दिलंय. हे उलटसुलट का?

धड्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे, म्हणून इथं सावकाश जाऊ. आधी चार कार्बनांच्या चारही अल्कीनचे आकडे बघा. चौघांचं रेणुसूत्र एकच आहे.

| समघटक | द्रवणांक (°से) | उत्कलनांक (°से) |
|---|---|---|
| ब्युट-१-ईन | −१८५ | −६.३ |
| २-मिथिलप्रोपीन | −१४० | −६.९ |
| सिस-ब्युट-२-ईन | −१३९ | ३.७ |
| ट्रान्स-ब्युट-२-ईन | −१०५.५ | ०.९ |

उत्कलनांकाचा रकाना वरून खाली वाचा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे अकरा अंशांच्या आत आहेत. आता द्रवणांकाचा वाचा. तिथं ऐंशी अंशांची दरी आहे. एकाच रेणूसूत्राचे चार भाऊ उकळताना जवळजवळ एकत्र उकळतात, पण वितळताना कुठल्या कुठं फेकले जातात. म्हणजे वितळणं आणि उकळणं या दोन घटनांत रेणूची परीक्षा वेगवेगळी होते.

वितळताना प्रश्न असा असतो: घनरूपात हे रेणू एकमेकांशेजारी किती नीट रचून बसले होते? गाळप हंगामात आपल्याकडं ऊसतोडीचं काम जवळून बघितलेल्याला हे सांगायला नको. सरळ वाढलेल्या उसाची मोळी बांधताना कांडं कांड्याला चिकटतं, वाढ्यानं आवळलं की मोळी दगडासारखी होते. वाऱ्यापावसात लोळलेला ऊस असेल तर तो वाकडा उठलेला असतो. तितकेच ऊस घेतले तरी मोळी फुगते, मध्ये पोकळ्या राहतात, आणि ट्रॉलीत टाकताना पहिली तीच सुटते. ट्रान्स रेणू सरळ उसासारखा आहे, सिस हा मध्ये वाकलेल्या उसासारखा. ट्रान्सची रचना मोडायला जास्त उष्णता द्यावी लागते, म्हणून त्याचा द्रवणांक वर.

उकळताना ही रचना आधीच मोडलेली असते. द्रवात मोळी सुटलेली आहे, रेणू वाट्टेल तसे लोळताहेत. तिथं सरळ-वाकड्याला फारशी किंमत राहत नाही. तिथं प्रश्न उरतो तो एकच: एक रेणू दुसऱ्याला किती ओढून धरतो? ही ओढ मुख्यतः व्हॅन डर वाल्स बलाची असते आणि ती सिस-ट्रान्समध्ये जवळपास सारखीच असते, कारण रेणू तेवढेच मोठे आहेत. फरक पडतो तो डायपोलमुळं, म्हणजे रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असण्यामुळं.

"सर, ट्रान्स घट्ट बसतंय, खरं उकळतंय आधी. असं कसं काय?"

हा प्रश्न खानापूरच्या एका मुलीनं मला असाच विचारला होता. प्रश्न अगदी बरोबर आहे. (आपल्याकडच्या 'खरं'चा अर्थ इथं 'पण' असा आहे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी.)

मिथिल गट द्विबंधाच्या कार्बनकडं इलेक्ट्रॉन थोडे ढकलतो, त्यामुळं त्या बंधाला एक बारीकशी दिशा येते. ट्रान्समध्ये दोन मिथिल समोरासमोर आहेत. रस्सीखेचीत दोन्हीकडं सारखे गडी असले की दोर जागचा हलत नाही, तसं दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात आणि डायपोल मोमेंट (डायपोल किती मोठं याचं माप) शून्य होतं. सिसमध्ये दोन्ही मिथिल एका बाजूला आहेत, एकाच जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे. त्यांची ओढ पूर्ण खोडली जात नाही. पाठ्यपुस्तकात सिस-ब्युट-२-ईनचं डायपोल मोमेंट ०.३३ डिबाय (हे त्याचं एकक) दिलं आहे. हा आकडा लहान आहे, पाण्याच्या तुलनेत पाचवा हिस्सासुद्धा नाही. पण उत्कलनांकातला फरकही तीनच अंशांचा आहे. तेवढ्याला तेवढं पुरतं.

डायपोल मोठं करा, फरकही मोठा होतो. मिथिलच्या जागी क्लोरीन बसवा. सिस-१,२-डायक्लोरोएथीन ६० °सेला उकळतं, ट्रान्स ४८ °सेला. सिसचं डायपोल मोमेंट साधारण १.९ डिबाय आहे, ट्रान्सचं शून्य. बारा अंश ही काही किरकोळ गोष्ट नाही. आणि द्रवणांक? सिस −८०, ट्रान्स −५०. तिथं पुन्हा ट्रान्स वर. एकाच जोडीत दोन्ही गोष्टी इतक्या ठळक दिसतात, म्हणून वर्गात मी ब्युटीनच्या आधी हीच जोडी फळ्यावर लिहितो.

म्हणजे 'सिसचा उत्कलनांक नेहमी जास्त' हे पाठ करायला हरकत नाही?

हरकत आहे, आणि ही हरकत मी मनापासून घेतो. मी पीयूसीला असताना एका कुंजीत चक्क 'सिस जास्त, ट्रान्स कमी' एवढंच छापलं होतं, वितळणं-उकळणं असा फरकच नव्हता. मी ते तसंच पाठ केलं, द्रवणांकाच्या प्रश्नाला तसंच लिहिलं आणि मार्क गेले. मार्क गेले ते गेले, पण चुकीची समजूत डोक्यात पुढं कितीतरी दिवस राहिली, तो तोटा मोठा होता.

नियम कुठं मोडतो ते बघा. १-क्लोरोप्रोपीनमध्ये एका टोकाला क्लोरीन आहे, दुसऱ्या टोकाला मिथिल. क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडं ओढतो, मिथिल ढकलतो. समोरासमोर असताना हे दोघे एकमेकांना खोडत नाहीत. एक ढकलतो, दुसरा त्याच दिशेला ओढतो, म्हणजे बेरीज होते. मग इथं ट्रान्सच जास्त ध्रुवीय ठरतो आणि उकळतोही उशिरा: ट्रान्स ३७ °सेला, सिस ३३ °सेला. नियम मोडला, पण त्यामागचं कारण मोडलं नाही. डायपोल ज्याचं मोठं त्याचा उत्कलनांक वर, हेच इथंही घडलं.

याहून बारीक उदाहरण हेक्स-३-ईनचं. दोन्ही बाजूला एथिल गट, म्हणजे ब्युट-२-ईनचाच मोठा भाऊ. पुस्तकी अपेक्षेनं सिस वर असायला हवा. प्रत्यक्षात सिस ६६.४ आणि ट्रान्स ६७.१ °सेला उकळतो. साखळी लांबली की डायपोलचा वाटा नगण्य होतो आणि रेणू किती लांबट आहे, शेजाऱ्याला किती पृष्ठभागानं चिकटतो, या गोष्टी पारडं फिरवू शकतात. पेंट-२-ईनमध्येच हा फरक अर्ध्या अंशावर आलेला असतो: सिस ३६.९, ट्रान्स ३६.३. द्रवणांकात मात्र हेक्स-३-ईनचा ट्रान्स −११३ आणि सिस −१३८ °से. तिथं आकाराचा जोर कमी झालेला नाही.

द्रवणांकाच्या बाबतीत ट्रान्स वर, हे तरी पक्कं का?

उत्कलनांकापेक्षा खूपच पक्कं. स्टिलबीनमध्ये द्विबंधाच्या दोन्ही टोकांना बेंझिनचं कडं असतं. ट्रान्स-स्टिलबीन १२३ °सेच्या आसपास वितळतं. सिस-स्टिलबीन ५-६ °सेला, म्हणजे बेळगावच्या कुठल्याही थंडीत ते द्रवच राहणार. ट्रान्स रेणू जवळजवळ सपाट असतो, भाकरीवर भाकरी ठेवावी तशी त्याची चळत लागते. सिसमध्ये दोन कडी एकमेकांना धडकतात, म्हणून ती पिळवटून बाहेर वळतात. पिळवटलेल्या भाकऱ्यांची चळत कुणी लावून दाखवावी.

सममितीचा उल्लेख शिक्षक सारखा करतात. त्याचा वितळण्याशी काय संबंध?

थॉमस कार्नेली या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं १८८२ मध्ये नोंदवलं की समघटकांत ज्याची सममिती जास्त त्याचा द्रवणांक सहसा जास्त. सममित रेणू घनाच्या जागेत कसाही वळून आला तरी बसतो, बेढब रेणूला एकाच विशिष्ट पद्धतीनं वळून यावं लागतं.

अल्कीनच्या घरातलंच उदाहरण घ्या. सायक्लोहेक्झेन ६.५ °सेला वितळतं. त्याच कड्यात एक द्विबंध घातला की सायक्लोहेक्झीन होतं, त्याचा द्रवणांक −१०४ °सेवर कोसळतो. उत्कलनांक मात्र ८१ आणि ८३, म्हणजे जागच्या जागी. एका द्विबंधानं कड्याची सममिती गेली आणि द्रवणांक एकशे दहा अंशांनी खाली आला. बेंझिन आणि टोल्युईनचंही तसंच आहे. टोल्युईन जड आहे, उकळतंही उशिरा, ११०.६ °सेला, बेंझिन ८० °सेला. पण वितळताना बेंझिन ५.५ आणि टोल्युईन −९५. वरच्या तक्त्यात ब्युट-१-ईन इतकं खाली का आहे, हेही आता लक्षात येईल. चौघांत सगळ्यात बेढब तेच.

अल्केनपेक्षा अल्कीन लवकर उकळतं का?

अल्केन म्हणजे नुसते एकेरी बंध असलेला हायड्रोकार्बन. त्याच कार्बनसंख्येच्या सरळ साखळीत टोकाला द्विबंध असेल तर थोडं लवकर. पेंटेन ३६, पेंट-१-ईन ३०. अल्कीनमध्ये दोन हायड्रोजन कमी, म्हणून इलेक्ट्रॉनही कमी, म्हणून ओढ किंचित कमी. साखळीत एकेक कार्बन वाढला की उत्कलनांक साधारण २० ते ३० अंशांनी चढतो असं पुस्तकात आहे. लहान रेणूंत ही पायरी त्याहून मोठी असते.

पुस्तकात २७७ आणि २७४ असे आकडे आहेत, तुम्ही ३.७ आणि ०.९ म्हणता. कुठले खरे?

दोन्ही एकच. पुस्तकात केल्विन आहेत, २७३ वजा करा.

बेळगाव उंचावर आहे. इथं हे आकडे बदलतात का?

उत्कलनांक थोडा बदलतो. छापलेले आकडे समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचे असतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळं इथं पाणी ९७.५ °सेच्या आसपासच उकळतं. अल्कीनचेही उत्कलनांक असेच थोडे खाली सरकतात, पण सिस आणि ट्रान्स दोघांचे बरोबरीनं, म्हणून क्रम बदलत नाही. द्रवणांकावर एवढ्या दाबाचा परिणाम जाणवत नाही.

हे सगळं घरात कुठं दिसतं?

स्वयंपाकघरात. जानेवारीत पहाटे खानापूरकडच्या कुठल्याही घरात जा. खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, ती चुलीच्या कडेला किंवा उन्हात ठेवायला लागते. शेंगतेल मात्र डब्यातून धार धरून येतं. आणि वनस्पती तुपाचा डबा असेल तर चमच्यानं खरवडायला लागतो.

शेंगतेलातलं सगळ्यात मोठ्या प्रमाणातलं मेदाम्ल ओलिक. अठरा कार्बनांची साखळी, बरोबर मध्ये एक सिस द्विबंध. तिथं साखळी वाकते. नुसतं ओलिक आम्ल १३-१४ °सेला वितळतं. त्याचाच ट्रान्स समघटक इलायडिक आम्ल, तो ४४ °सेच्या आसपास वितळतो. द्विबंध नसलेलं, पूर्ण सरळ साखळीचं स्टिअरिक आम्ल ६९ °सेला. या तीन आकड्यांत पूर्ण धडा आहे. ट्रान्स द्विबंध असला तरी साखळी जवळजवळ सरळच राहते, म्हणून ट्रान्स स्टिअरिककडं झुकतं. सिस द्विबंध वाढवत जा, वाकणं वाढतं आणि द्रवणांक आणखी उतरतो: दोन सिस द्विबंधांचं लिनोलिक −५, तीनचं लिनोलेनिक −११ °से. तेलात ही आम्लं तीन-तीन करून ग्लिसरॉलला बांधलेली असतात, त्यामुळं तेलाचे आकडे नेमके हेच नसतात, पण कल तोच.

खोबरेल गोठतं ते वेगळ्या कारणानं. त्यातल्या नव्वद टक्क्यांच्या आसपास साखळ्यांत द्विबंधच नसतो. त्या सरळ आहेत म्हणून रचून बसतात, आणि आखूड आहेत म्हणून २४-२५ °सेलाच सुटतात.

वनस्पती तुपात ट्रान्स आलं कुठून? शेंगदाण्यात तर ते नसतं.

कारखान्यात आलं. आपल्याकडं लोक सरसकट ज्याला डालडा म्हणतात, ते नाव १९३७ पासूनचं आहे. पातळ तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की काही द्विबंध भरले जातात आणि तेल घट्ट होतं. पण निकेलच्या पृष्ठभागावर काही द्विबंध अर्धवट उघडतात आणि भरले न जाताच परत मिटतात. उघडलेल्या क्षणी तिथं एकेरी बंधासारखं फिरता येतं. परत मिटताना त्यातले बरेच ट्रान्स होऊन मिटतात, कारण ट्रान्स ऊर्जेच्या दृष्टीनं जास्त स्थिर. अशा रीतीनं तेल दोन वाटांनी घट्ट होतं: काही साखळ्या संपृक्त (द्विबंध न उरलेल्या) झाल्या म्हणून, काही सरळ झाल्या म्हणून.

हाच सरळपणा शरीराला बाधतो. ट्रान्स मेद रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो, चांगलं कमी करतो, हृदयविकाराचा धोका वाढवतो. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल आणि मेदांत औद्योगिक ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्के आहे. दुधा-तुपात थोडं ट्रान्स निसर्गतः असतं, गाई-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंमुळं. घरी एकदा तळण काढल्यानं तेलात ट्रान्स फारसं वाढत नाही. तेच तेल पुन्हापुन्हा, धूर येईपर्यंत तापवणं मात्र टाळावं. घरोघरी डबे बघून मला एवढंच सांगावंसं वाटतं की लेबलावरची ट्रान्स फॅटची ओळ वाचायची सवय पोरांनी आईला लावावी.

मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्लात एवढा मोठा फरक कसा?

मॅलेइक म्हणजे सिस, १३५ °सेच्या आसपास वितळतं. फ्युमॅरिक म्हणजे ट्रान्स, बंद नळीत तापवलं तर २८७ °सेला. इथं आकाराबरोबर हायड्रोजन बंधही येतो. सिसमध्ये दोन आम्लगट शेजारी आहेत, म्हणून एक हायड्रोजन बंध रेणू आतल्या आतच करून टाकतो आणि शेजारच्या रेणूला धरायला हात कमी उरतो. ट्रान्समध्ये सगळे हात बाहेर आहेत, रेणू रेणूला धरून ठेवतो. त्यामुळं मॅलेइक पाण्यात भरपूर विरघळतं, फ्युमॅरिक जेमतेम: २५ °सेला १०० मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅमसुद्धा नाही.

मॅलेइक तापवलं की पाण्याचा एक रेणू टाकून त्याचं ॲनहायड्राइड सहज होतं, फ्युमॅरिकचं तसं होत नाही, कारण त्याचे दोन गट एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. एकोणिसाव्या शतकात या जोडीनं रसायनशास्त्रज्ञांना फार छळलं. सूत्र एक, गुण वेगळे. व्हान्ट हॉफ या डच तरुणानं १८७४-७५ च्या सुमारास रेणू अवकाशात कसा मांडलेला असतो हा विचार मांडला आणि ही जोडी त्यातून सुटली. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ चं, त्यालाच मिळालं.

हाच भेद मोठ्या रेणूंत टिकतो का?

टिकतो. झाडाच्या चिकातून येणारं नैसर्गिक रबर ही आयसोप्रीनची सिस साखळी आहे. गटापर्चा ही त्याच आयसोप्रीनची ट्रान्स साखळी. रबर वाकड्यातिकड्या साखळ्यांचं, म्हणून ताणलं की ताणतं, सोडलं की परत येतं. गटापर्चाच्या साखळ्या रचून बसतात, तो साध्या तापमानाला कडक राहतो आणि ६० °सेच्या आसपास मऊ होतो. दातांचं रूट कॅनल केलेल्यांच्या दातात बहुधा तोच भरलेला असतो.

घरी काही करून बघता येईल?

दोन गोष्टी. हिराच्या वीस काड्या एकाच लांबीच्या तोडा. दहा तशाच सरळ ठेवा, दहा मध्ये अलगद मोडून कोन करा, तुटू देऊ नका. रिकाम्या काडेपेटीत आधी सरळ काड्या बसवा, मग मोडलेल्या. दुसऱ्या खेपेला पेटी मिटत नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं पेटीवर दोरा गुंडाळून ती मिटवली आणि दोरा सोडल्याबरोबर कप्पा बाहेर आला. त्यानं ते दोनदा-तीनदा करून बघितलं, मग न सांगता वहीत सिसचा द्रवणांक लिहिला.

दुसरी: तीन वाट्यांत शेंगतेल, खोबरेल आणि वनस्पती तूप घेऊन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढून थर्मामीटर घेऊन बसा. खोबरेल काही अंशांच्या आत पांढऱ्याचं पारदर्शक होतं. वनस्पती मात्र एका आकड्याला वितळत नाही, लांबपर्यंत लोण्यासारखं मऊ होत जातं, कारण ते अनेक प्रकारच्या साखळ्यांचं मिश्रण आहे आणि प्रत्येकीचा सुटायचा आकडा वेगळा. शुद्ध पदार्थ एका आकड्याला वितळतो, मिश्रण एका पट्ट्यात वितळतं.

पेपरात उत्तर कसं लिहायचं?

पीयूसीचा पेपर इंग्रजीत असतो, पण विचार मराठीत करून मग लिहायला काही अडचण नाही. द्रवणांक विचारला असेल तर पॅकिंग आणि सिमेट्री हे शब्द उत्तरात यायलाच हवेत. उत्कलनांक विचारला असेल तर डायपोल मोमेंट. दोन्ही विचारले असतील तर दोन वेगळी वाक्यं लिहा, एकाच 'म्हणून'मध्ये दोन्ही गुंडाळू नका. आणि स्थिरता विचारली असेल तर तो तिसराच प्रश्न आहे. ट्रान्स-ब्युट-२-ईन सिसपेक्षा मोलमागे साधारण ४ किलोज्यूलनं स्थिर आहे, कारण सिसमध्ये दोन मिथिल एकमेकांना दाटतात. त्याचा उकळण्याशी संबंध लावू नका.

ई आणि झेड कधी वापरायचं?

द्विबंधाभोवती चारही गट वेगवेगळे असतील तर 'एकाच बाजूला कोण' हे सांगता येत नाही. तेव्हा प्रत्येक कार्बनवर ज्याचा अणुक्रमांक मोठा तो गट वरचढ धरायचा. दोन्ही वरचढ एका बाजूला असतील तर झेड, विरुद्ध बाजूला असतील तर ई. ही अक्षरं जर्मन शब्दांवरून आली आहेत: झुझामेन म्हणजे एकत्र, एन्टगेगेन म्हणजे समोरासमोर.